एक जूनची शैला

पेनरोजच्या डेपोत सकाळची पाळी साडेपाचला सुरू होते आणि पावणेसहापर्यंत शैलाचा आवाज पहिल्या दारापासून चौदाव्या दारापर्यंत पोचलेला असतो. उंची पाच फुटांहून जराशी कमी, अंगावर भडक पिवळं जॅकेट, पायात लोखंडी टोकाचे बूट. दक्षिण ऑकलंडमधल्या कितीतरी दुकानांचं पीठ, साबण, डबाबंद टोमॅटो या डेपोतून निघतं. कुठला माल कुठल्या ट्रकमध्ये चढवायचा, हे पाहणं शैलाचं काम.

माणसं आहेत, चुका होतात. शहराच्या दक्षिण टोकाच्या पापाकुराचा माल उत्तरेच्या अल्बनीला जातो. असं झालं की एक फॉर्म भरायचा. त्यावर प्रश्न चारच. काय झालं, कशामुळे झालं, कोणी पाहिलं, आता काय करणार. नवा पोरगा कान लाल करून समोर उभा राहिला की शैला त्याच्या हातात पेन देते आणि म्हणते, "जे झालं ते लिही. कमी नको, जास्त नको. चूक कोणाची, हा प्रश्न यात छापलेलाच नाही." त्यामुळे तिच्या पाळीत चुका लपत नाहीत. वरच्या साहेबांना याचं फार कौतुक आहे.

ती उदगीरहून शिकायला आली तेव्हा शनिवार-रविवारी याच डेपोत खोकी चिकटवायची. तेव्हा पाळीच्या फळ्यावर तामाती, सिओने, केरन अशी नावं होती. तामाती पर्थला गेला, केरन गोल्ड कोस्टला, सिओने मेलबर्नला. आता फळ्यावर गुरप्रीत आहे, फिलिपिन्सचा होमार आहे, कोल्हापूरचा एक शुभंकर आहे. जुन्यांपैकी उरली ती माल उचलणारी फोर्कलिफ्ट चालवणारी मेरे. इथली मूळची माओरी बाई, वय अठ्ठावन्न, जीभ फोर्कलिफ्टच्या दातांसारखी.

"माझी माणसं ऑस्ट्रेलियाला पळतात, तुझी इकडे येतात," मेरे चहाच्या वेळी म्हणाली होती. "देशाचा डेपो झालाय नुसता. या दारातून आत, त्या दारातून बाहेर."

"मग तू का नाही गेलीस?"

"आणि हे यंत्र कोण चालवणार, तू? तुझे पाय पेडलपर्यंत तरी पोचतात का?"

एवढं बोलून तिने खिशातून फोन काढला आणि ब्रिस्बेनमधल्या नातवाचा पोहण्याचा व्हिडिओ तिसऱ्यांदा दाखवला. शैलाने तो तिसऱ्यांदा पाहिला. माणूस लांब असला की काय होतं, ते तिला सांगायला नको होतं.

तिची आई, आनंदीबाई, उदगीरला मुलाकडे राहायची. संभाजी तिथल्या एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. वडील गेल्यापासून माय त्याच्याचकडे. शैलाने कितीदा म्हटलं, इकडे ये. पण माय जुन्या वळणाची. "लेकीच्या घरी पाहुण्यासारखं जावं, चार दिवस गोडधोड खावं, मानानं माघारी यावं." एकदा ती तीन महिने आली होती. शेजारच्या, बेटांवरून आलेल्या टोंगन म्हातारीशी तिची गट्टी जमली. ही मराठीत बोलायची, ती टोंगनमध्ये, आणि दोघी कुंपणाशी उभ्या राहून पोट धरून हसायच्या. कशाला हसता, असं विचारलं तर माय म्हणायची, "तुला नाही कळायचं, आमचं वयाचं आहे ते."

शेवटी संभाजीनेच मायला वळवलं. "वीस वर्षं माझ्याकडं राहिलीस. आता लेकीकडं राहा. तिचा काय हक्क नाही का?" सहा वर्षांच्या नकारानंतर माय हो म्हणाली आणि कायमच्या व्हिसासाठी नाव गेलं. इथे आईवडिलांसाठी अर्ज फार येतात, म्हणून दर काही महिन्यांनी चिठ्ठ्या काढल्यासारखी नावं काढतात. दोन वर्षं नाव निघालं नाही. मग फेब्रुवारीत निघालं. तिचा अकरा वर्षांचा आयुष "स्वीट ॲज!", म्हणजे झकास, म्हणून सोफ्यावरून उडी मारता झाला. आजीशी तो इंग्रजीतच बोलायचा, आजी त्याच्याशी मराठीत, आणि दोघांचं कधी काही अडलं नव्हतं. कागद गेले. आणि एप्रिलच्या शेवटी इमिग्रेशनचं पत्र आलं.

पत्र सभ्य होतं. अर्जदार बाईंनी दोन अपत्यं दाखवली आहेत. मुलगा संभाजी, जन्म ९ जानेवारी १९८३. मुलगी शैला, जन्म १ जून १९८३. दोन जन्मांमध्ये पाच महिनेही नाहीत. एका आईच्या पोटी असं होऊ शकत नाही. तरी नात्याविषयी दिलेली माहिती खरी आहे का, याचा खुलासा तीन आठवड्यांत करावा. समाधान न झाल्यास अर्ज नाकारला जाऊ शकतो.

शैला आधी मोठ्यांदा हसली. मग तिने पत्र पुन्हा वाचलं आणि तीन आठवडे कॅलेंडरवर मोजले.

आपल्याकडच्या माणसाला यात कोडं वाटणार नाही. घरी जन्मलेलं पोर शाळेत नेलं की गुरुजी वय विचारायचे, आईबाप आभाळाकडे बघायचे, आणि गुरुजी रजिस्टरात एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये उघडते, हिशेब सोपा. ऑकलंडच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जूनला केक इतके येतात की ॲडमिनने एकदा सगळ्यांना मिळून एकच केक टाका अशी विनंती केली होती. शैला त्यातलीच. संभाजी मात्र तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जन्मला होता, त्याची तारीख शिक्क्यासकट खरी होती. खऱ्या तारखेशेजारी खोटी ठेवली आणि भांडं फुटलं.

"मग तू खरी कधी जन्मलीस?" तिचा नवरा रमण याने विचारलं. तो कौन्सिलमध्ये पाण्याच्या पाइपांचे नकाशे करतो, आणि कुठलीही रेघ कुठून निघाली हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"माय म्हणते, चौदा ऑक्टोबरच्या धम्मदीक्षेच्या कार्यक्रमाला मी पंधरा दिवसांची होते. चौऱ्याऐंशी साली."

"म्हणजे कागदावर तू सोळा महिन्यांनी मोठी आहेस."

"सो यू आर ओन्ली फोर्टी?" आयुष म्हणाला. "मम, दॅट इज हीप्स इल्लीगल." हीप्स म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत लई.

रमण हसला नाही. "शैला, तुझा पासपोर्ट, डिग्री, इथली सिटिझनशिप, सगळ्यावर एक जून आहे. ती तारीख खोटी आहे असं तू स्वतः लिहून देणार? उद्या म्हणाले, तुमचेच कागद बघू, तर?"

ते शैलालाही दिसत होतं. इमिग्रेशनचं लायसन्स असलेल्या सल्लागार बाईंना तिने फोन केला. त्या म्हणाल्या, ती तारीख तुम्ही बनवलेली नाही, तुमच्या देशाने तुम्हाला तीच दिली आहे, तेव्हा घाबरण्याचं कारण कमी. पण नाहीच असं नाही. खरं असेल ते लिहा, पुरावा द्या, हमी मी देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी पाळी संपून नोंदी उरकल्यावर तिने संभाजीला फोन लावला. इथे साडेचार, तिकडे सकाळचे दहा, वर्कशॉपमध्ये चहाची वेळ.

"जय भीम, दादा."

"जय भीम. बोल बाई. आवाज का असा? सर्दी झाली का?"

तिने सगळं सांगितलं. मागे कोणीतरी लोखंडावर हातोडा मारत होतं. संभाजीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हे तर सोपं आहे की."

"काय सोपं?"

"लिही, संभाजी माझा सख्खा नाही म्हणून. काकाचं पोरगं आहे, काकू वारली, मायनं वाढवलं. आपल्याकडं असली पोरं घराघरांत असतात. साहेबाला पटंल."

"दादा, काकांचं लग्नच झालं नव्हतं."

"ते साहेबाला काय माहीत? आणि काकाला विचारायला वर जाणार आहे का तो?" तो स्वतःच हसला. "हे बघ शैले, कागदावरचं नातं ते. मी काय इथनं पुसला जाणार आहे का? मायचा व्हिसा होऊ दे. तुझ्या नोकरीला, पोराला धक्का नको. मी सही करून देतो, सख्खा नाही म्हणून. कुठं करायची ते सांग."

"नको."

"अगं..."

"दादा, नको म्हणते ना!"

फोन ठेवल्यावर ती पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिली. किल्ली हातात, गाडी बंद.

दोघं एकाच वर्गात शिकली होती, पहिलीपासून. संभाजी तिच्याहून जवळजवळ दोन वर्षांनी मोठा, पण बाक एक, पुस्तक एक. तो वाचायचा तेव्हा ती पान धरायची. दहावीला भूमितीची प्रमेयं त्यानेच तिच्या डोक्यात घातली. बारावीचा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात वडील गेले. इंजिनिअरिंगचा फॉर्म दोघांनी मिळून आणला होता, भरला तो एकाच नावाने. "माझं मन लागत नाही गं पुस्तकात," संभाजी म्हणाला आणि एसटीत अप्रेंटिस म्हणून चिकटला. सोळा-सतरा वर्षांच्या शैलाला ते खरं वाटलं होतं. मग तिच्या जातपडताळणीसाठी तहसील, पंचायत, आजोबांच्या नावाची जुनी नक्कल असं करत उन्हातान्हात हिंडला तोच. कॉलेजच्या दारापर्यंत तिची ट्रंकही त्यानेच डोक्यावर नेली होती.

आणि आता तोच म्हणत होता, मला खोड.

सकाळी तिने चहाच्या वेळी मेरेला सगळं सांगितलं. मेरेने बिस्किट बुडवायचं थांबवलं.

"थांब. तुझा भाऊ म्हणतो, मी तुझा भाऊ नाही असं सरकारला सांग. तुझी आई इथे यावी म्हणून."

"हो."

"आमच्यात कोणी असं लिहिलं तर मेलेले सगळे उठून स्वयंपाकघरात येऊन बसतील. आणि चहा कोणी करायचा त्यांना?"

"मग काय करू? खरं लिहिलं आणि त्यांना पटलं नाही तर माय कधीच येणार नाही. साधी भेटायलाही."

मेरेने बिस्किट बुडवलं, ते कपात तुटून पडलं, तिने बोटाने काढलं. "तू त्या नव्या पोरांना काय सांगतेस? तो फॉर्म देतेस तेव्हा?"

शैलाने कप खाली ठेवला.

"माझ्याकडून तर चार वेळा लिहून घेतलास. एकदा तर तो खांब आधीपासूनच वाकडा होता."

त्या शनिवारी शैलाने खुलासा लिहिला. सल्लागार बाईंनी पाठवलेला वकिली नमुना तिने बाजूला ठेवला. काय झालं: जून १९८९ मध्ये मला शाळेत घातलं तेव्हा माझी जन्मतारीख अंदाजाने लिहिली गेली. कशामुळे: माझा जन्म घरी झाला, नोंद झाली नाही, आणि शाळेत बसायला सहा वर्षं पूर्ण लागत. कोणी पाहिलं: माझी आई आणि माझा भाऊ. आता काय करणार: आई, भाऊ आणि मी, तिघंही डीएनए तपासणीला तयार आहोत. माझी तारीख खरी नाही हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ती बदलण्याचा मार्ग मला कधी सापडला नाही. मी शोधलाही नाही.

शेवटचं वाक्य रमणने दोनदा वाचलं. "हे हवंच का?"

"झालंय ते असंच."

त्याने मान हलवली आणि गाडीची किल्ली घेतली. वाचनालयात शनिवारी जस्टिस ऑफ द पीस बसतात, कागदांवर साक्षीची सही करायला. पांढऱ्या केसांचे ते गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "उजवा हात वर करा." शैलाने हात वर केला, तसं रमणने तिचं कोपर नुसतं धरून ठेवलं. गृहस्थांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

संभाजीला तिने दोनच गोष्टी मागितल्या होत्या, शाळेच्या रजिस्टरचा उतारा आणि त्याचं प्रतिज्ञापत्र. "खरं लिही," असं बजावून. तो आधी कुरकुरला, मग रजा टाकून गावी गेला. सहाव्या दिवशी फोनवर फोटो आले.

पहिला फोटो रजिस्टरचा. पिवळं पान, निळी शाई. एकेचाळीस नंबरला सूर्यवंशी संभाजी, बेचाळीसला सूर्यवंशी शैला. दाखल तारीख एकच.

दुसरा फोटो प्रतिज्ञापत्राचा. कोर्टासमोरच्या टायपिस्टकडे न जाता त्याने ते हाताने लिहिलं होतं, वहीतल्या धड्यासारखं रेघेवर रेघ. इंग्रजी भाषांतर करून घ्यायचंच होतं, पण आधी शैलाने ते मराठीत वाचलं, डेपोच्या जिन्यात उभ्या उभ्या.

"मी, संभाजी सूर्यवंशी, राहणार उदगीर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, शैला ही माझी सख्खी, पाठची बहीण आहे. माझं नाव शाळेत घालायला वडील मला घेऊन गेले तेव्हा ती रडत मागं आली. गुरुजींनी तिचं वय विचारलं. वडिलांना सांगता आलं नाही. गुरुजी म्हणाले, सहा पूर्ण नसतील तर हिला घरी न्या. तेव्हा मी म्हणालो, झाली गुरुजी, मी मोजलीत. मला त्या वेळी वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं. वडील काही बोलले नाहीत. गुरुजी हसले आणि त्यांनी लिहून घेतलं. तिला घरी ठेवलं असतं तर ती दिवसभर दारात बसून रडली असती, हे मला माहीत होतं. म्हणून मी खोटं बोललो. ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितली नव्हती. यात माझ्या बहिणीची, आईची किंवा गुरुजींची चूक नाही. ती माझी आहे."

छत्तीस वर्षं त्याने हे पोटात ठेवलं होतं. शैलाला एकदम ते दुसरं वाक्य आठवलं, पुस्तकात मन लागत नाही म्हणालेलं. ती जिन्यात खाली बसली. होमार खोकं घेऊन वर येत होता, तो आल्या पावली माघारी फिरला आणि दुसऱ्या जिन्याने गेला.

कागद गेले. मे गेला, जून गेला. एक जूनला व्हॉट्सॲपवर केक आला, शैलाने या वर्षी आभार मानले नाहीत. जुलैत एका मुलीचा फोन आला, अर्ज तपासणारी तीच. तिने डीएनए तपासणीचे कागद पाठवते म्हणून सांगितलं, आणि ठेवता ठेवता म्हणाली, "तुमच्या भावाचं पत्र मी वाचलं." एवढंच. मग बहुधा हे बोलायला नको होतं असं वाटून तिने घाईने शुभ दिवस म्हटलं. उदगीरहून माय आणि संभाजी नमुने द्यायला हैदराबादला जाऊन आले. "गालात काडी फिरवली नुसती," माय म्हणाली. "एवढ्यासाठी एवढ्या लांब बोलावलं? आणि तुझा दादा सगळ्या वाटेत गप्प. इंजिनाचा आवाज ऐकत बसला."

निकाल ऑगस्टमधल्या एका गुरुवारी आला, दहाच्या चहाला. ईमेल दोन परिच्छेदांचा होता, शैला पहिल्याच ओळीला थांबली. मंजूर. तिने फोन मेरेच्या हातात दिला, कारण अक्षरं हलायला लागली होती. मेरेने वाचलं, फोर्कलिफ्टचं इंजिन बंद केलं आणि खाली उतरून तिला असं कवटाळलं की जॅकेटवरचा चमकता पट्टा निघाला.

"चला," मेरे नाक ओढत म्हणाली, "एक तरी म्हातारी या देशात येतेय. नाहीतर सगळं माझ्यावरच पडलं होतं."

साडेचारपर्यंत शैलाने आणखी कोणाला सांगितलं नाही, रमण सोडून. मग गाडीत बसून फोन लावला.

"दादा, झालं."

"काय झालं?"

"मायचा व्हिसा. मंजूर झाला."

पलीकडे हातोडा चालू होता. संभाजीने कोणाला तरी "थांब रे" म्हटलं, आणि हातोडा थांबला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. "लई चांगलं झालं बाई." मग शैलाला वाटलं, फोन कटला.

"दादा?"

"आहे, आहे. कधी पाठवायची?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा. घाई नाही."

"सकाळी मी निघताना ती दारात येते. चप्पल नीट घातलीस का, म्हणते. बेचाळीस वर्षांचा घोडा मी." तो हसायला गेला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "शैले, एक ऐकशील? तिला इतक्यात सांगू नको. दोन दिवस दे मला. कळलं की ती पिशव्या भरायला काढंल, शेजारी येतील, सगळा गोंधळ. त्याच्या आधी दोन दिवस आहे तसं राहू दे. शनिवारी मीच सांगतो तिला."

शैलाने मान हलवली, मग त्याला दिसत नाही हे आठवून म्हणाली, "शनिवारी सांग."

"रागावली नाहीस ना?"

"नाही रे, दादा."

संध्याकाळी सात वाजता, आयुष टेबलावर गणित करत असताना, मायचा फोन आला. तिकडे भर दुपार, जेवणं उरकलेली. माय आधी पावसाचं बोलली, मग गुडघ्याचं, मग संभाजी आज अर्धी रजा टाकून, डबा न खाताच घरी परत आला त्याचं. मग रोजच्यासारखं, सहज विचारल्यासारखं तिने विचारलं, "काय गं, त्या साहेबाचं कळलं का काही?"

रमणने मान वर केली. आयुषने पेन्सिल थांबवली.

शैलाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "नाही गं माय," ती म्हणाली. "अजून काही नाही."